कोल्हापूर-नागपूर : रस्त्याआधी रेल्वे

कोल्हापुरात कुणी नागपूरला निघालं की घरातून पहिला प्रश्न येतो, "पुण्यापर्यंत कशानं जाणार?" नागपूर ही राज्याची उपराजधानी. हिवाळी अधिवेशन तिथं भरतं, दीक्षाभूमी तिथं आहे, संत्र्यांचा मोठा बाजार तिथला. तरी आमच्या मनातला नागपूरचा रस्ता पुण्याला जाऊन थांबतो. तिथं उतरायचं, सामान सांभाळत चार-पाच तास काढायचे आणि दुसरी गाडी नाहीतर ट्रॅव्हल्स पकडायची. महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट जाते, रोज जाते, आणि सामान्य माणसावर तिचे मोठे उपकार आहेत. पण कोल्हापूर ते गोंदिया हे तेराशे किलोमीटरहून जास्त अंतर ती पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेत, ठिकठिकाणी थांबत कापते. मराठवाडा तर तिच्या वाटेत जवळजवळ येतच नाही.

दुसरी एक थेट गाडी आहे, आणि तिची माहिती कोल्हापुरातच अनेकांना नसते. मिरजेवरून ती पुण्याकडे न वळता पूर्वेला निघते. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर, परळी वैजनाथ, परभणी, पूर्णा, हिंगोली, वाशीम, अकोला, वर्धा आणि मग नागपूर. हजार किलोमीटरच्या आसपासची ही वाट महाराष्ट्राच्या पोटातून जाते. ज्या जिल्ह्यांची नावं आपण दुष्काळाच्या नाहीतर निवडणुकीच्या बातम्यांत वाचतो, ते जिल्हे तिच्या खिडकीतून एकामागून एक दिसतात. ही गाडी आठवड्यातून दोनच दिवस सुटते. नागपूरवरून पुढे धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्स्प्रेसही आहे, ती आठवड्यातून एकदा.

माझं सगळं म्हणणं या दोन दिवसांच्या गाडीबद्दल आहे. ती रोजची करा, रात्रभर धावणारी करा, चांगल्या डब्यांची करा आणि वेळेवर पोचवा. दक्षिण महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ खरोखर जोडायचे असतील तर हे काम शक्तिपीठ महामार्गाच्या आधी व्हायला हवं.

महामार्गाचं नाव इथं मुद्दाम घेतोय, कारण दोन्हींचा उद्देश एकच सांगितला जातो. २०२५ च्या आखणीनुसार वर्ध्याजवळच्या पवनारपासून सिंधुदुर्गातल्या पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटरचा रस्ता, १२ जिल्हे, अंदाजे ८६ हजार कोटी रुपये खर्च. म्हणजे किलोमीटरमागे शंभर कोटींहून अधिक. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी वीस हजार कोटींवर रकमेला मंजुरी दिली. अंबाबाई, तुळजाभवानी, माहूरची रेणुका, पंढरपूर, परळी, औंढा नागनाथ ही देवस्थानं जोडायची आणि मागास भागाला गती द्यायची, असं त्यामागचं कारण सांगितलं जातं. आता वरची स्टेशनांची यादी पुन्हा वाचा. पंढरपूर त्यात आहे, परळी आहे, औंढ्याला उतरायचं हिंगोली आहे, तुळजापूरला उतरायचं धाराशिव आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचं काम सुरू आहे, ते झालं की तुळजापूरलाच स्टेशन येईल. माहूर या वाटेवर नाही, हे मान्य. पण बाकीच्या देवांच्या पायाशी रूळ आधीच पोचलेले आहेत. गाडी रोजची करायला नव्यानं कुणाचं शिवार घ्यावं लागणार नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात या महामार्गाला जो विरोध झाला तो हौसेचा नव्हता. पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी यांच्या खोऱ्यातली बारमाही पाण्याची जमीन म्हणजे इथल्या शेतकऱ्याचं सर्वस्व. बहुतेकांकडे ती गुंठ्यांत मोजावी इतकीच उरली आहे. त्यात भरावाचा उंच रस्ता पूरपट्ट्यातून गेला तर पाणी तुंबणार, ही भीती २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या माणसाला कुणी शिकवावी लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूर कित्येक दिवस बाहेरच्या जगापासून तुटलं. रस्त्याची आखणी नंतर बदलली, पुन्हा बदलली. आखणी बदलली की एका गावाची भीती दुसऱ्या गावाकडे सरकते, एवढंच.

या रस्त्यानं जाणार कोण, हा माझा पहिला प्रश्न आहे. टोल भरून द्रुतगती मार्गावर गाडी घालणारा माणूस जाईल. त्याच्याबद्दल माझ्या मनात आकस नाही, त्यालाही रस्ता हवाच. पण कोल्हापूर आणि मराठवाडा यांच्यामध्ये सगळ्यात जास्त जा-ये करणारा माणूस वेगळा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या रस्त्यांवर तो दिसतो. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या, त्यावर बांबू आणि ताडपत्री, पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, कोंबड्यांचं खुराडं, आणि या सगळ्याच्या वर अंगाभोवती शाली लपेटून बसलेल्या बाया आणि पोरं. बीड, परभणी, जालन्याकडचे हे ऊसतोड मजूर दरवर्षी चार-पाच महिन्यांसाठी आमच्या कारखान्यांवर येतात. टोळी येताना संसार घेऊनच येणार, ती रेल्वेनं येणार नाही, हे मला कळतं. पण हंगामाच्या मध्येच गावाकडे कुणी आजारी पडतं, कुणाचं लग्न निघतं, मागे आजीजवळ ठेवलेल्या मुलीची परीक्षा असते. तेव्हा त्या माणसाला एकट्यानं परळीला किंवा परभणीला जाऊन परत यायचं असतं. आज तो मिळेल त्या एसटीनं सोलापूर, सोलापूरहून बार्शी नाहीतर लातूर, तिथून पुढे असं करत जातो. एका फेरीत दोन दिवसांची मजुरी बुडते. आठवड्यातून दोनदा सुटणारी गाडी त्याच्या कामाची नाही, कारण आजारपण वार बघून येत नाही.

दुसरे प्रवासी दीक्षाभूमीचे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला कोल्हापूर, सांगली भागातून दरवर्षी माणसं नागपूरला निघतात. हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात १९२० साली शाहू महाराज आणि बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर आले, ती परिषद इथल्या घराघरांत अजून सांगितली जाते. माणगावचा माणूस आणि नागपूर यांचं नातं असं शंभर वर्षांचं आहे. त्या नात्याला रोजची गाडी मिळू नये? तिसरे विद्यार्थी. शिवाजी विद्यापीठात आणि इथल्या अभियांत्रिकी, वैद्यकीय महाविद्यालयांत लातूर, नांदेड, परभणीची मुलं शिकतात. आणि वारकरी तर आहेतच. आषाढीला मिरजेहून जादा गाड्या सोडाव्या लागतात, यावरूनच ही वाट किती चालती आहे ते समजतं.

या वाटेचं मोल एकदा साऱ्या देशानं पाहिलं आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर कोरडं पडलं होतं. नळाला पाणी नाही, टँकरभोवती जमावबंदी, दवाखान्यांत शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या. तेव्हा मिरजेच्या रेल्वे यार्डात टाकीच्या वाघिणी आणून उभ्या केल्या, कृष्णेचं पाणी त्यात भरलं आणि गाडी लातूरला पाठवली. पहिल्या खेपेला १० वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. १२ एप्रिलच्या पहाटे ती लातूरला पोचली. पुढच्या गाड्या ५० वाघिणींच्या झाल्या, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर. पावसाळा लागेपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ हे चाललं. ते पाणी ज्या रुळांवरून गेलं तेच हे मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूरचे रूळ. मिरज-सांगलीच्या माणसांनी त्या वेळी हात आखडता घेतला नाही. दोन प्रदेश जोडले जाणं म्हणजे काय असतं, ते त्या उन्हाळ्यात दिसलं. पाणी गेलं आणि वाट पुन्हा दोन वारांची झाली.

हा मार्ग मुळात बार्शी लाइट रेल्वेचा. अरुंद रुळांची ही छोटी गाडी १८९७ मध्ये बार्शीत सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. जुन्या माणसांना तिची धिमी चाल आणि वारीच्या दिवसांत टपावर बसलेली गर्दी अजून आठवते. पुढे तुकड्या-तुकड्यानं तिचं ब्रॉडगेज झालं. ते होण्यासाठी लातूर, बार्शी, पंढरपूरच्या लोकांनी वर्षानुवर्षं निवेदनं दिली, आंदोलनं केली. मध्य रेल्वेनं आता विजेच्या ताराही टाकल्या. म्हणजे जनतेचा पैसा खर्च होऊन रूळ रुंद झाले, वर वीज आली, आणि एवढं सगळं झाल्यावर त्यावरून कोल्हापूरची नागपूर गाडी आठवड्याला दोनदा जाते. गुंतवणूक करून तिचा वापर न करणं याला दुसरा शब्द काय वापरायचा?

आता डब्यांचा आणि भाड्याचा मुद्दा. लांब पल्ल्याच्या खास गाड्यांची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. १९६९ मध्ये हावडा-नवी दिल्ली राजधानी सुरू झाली आणि साडेचौदाशे किलोमीटरचं अंतर सतरा-साडेसतरा तासांत कापलं जाऊ लागलं. मग शताब्दी, दुरान्तो, हमसफर, तेजस, आणि २०१९ पासून वंदे भारत. जानेवारी २०२६ मध्ये हावडा ते गुवाहाटीजवळचं कामाख्या अशी वंदे भारतची शयनयान गाडीही आली. बंगाल आणि आसाम असे रात्रभराच्या प्रवासानं जोडले जातात, तर कोल्हापूर आणि नागपूर का नाही? ही मागणी करताना मला संकोच वाटत नाही. चांगला डबा, स्वच्छ संडास, झोप लागेल असा बर्थ, हे मागणं चैनीचं नाही. हजार किलोमीटर जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते लागतंच.

पण खास गाड्यांचा अनुभव कोल्हापूरनं घेतला आहे आणि त्यातून शिकायला हवं. १६ सप्टेंबर २०२४ ला कोल्हापूर-पुणे वंदे भारत सुरू झाली तेव्हा स्टेशनवर ढोल-ताशे होते. आनंद खरा होता, मलाही झाला. गाडी देखणी आहे, सव्वापाच-साडेपाच तासांत पुण्याला नेते. मात्र सुरू झाली ती आठवड्यातून तीन दिवस, आणि चेअर कारचं तिकीट हजाराच्या वर. पुण्यात नोकरीसाठी राहणारा पोरगा शनिवार-रविवारी घरी यायला बघतो, तेव्हा वार जुळला तर गाडी आणि नाही जुळला तर पुन्हा महामार्गावरची ट्रॅव्हल्स. शिवाय १६० किलोमीटर वेगाची क्षमता असलेली ही गाडी या मार्गावर सरासरी साठ-बासष्टनं धावते. दोष गाडीचा नाही. शिंदवणे आणि आदर्कीच्या घाटांतली वळणं आहेत, मिरजेत दिशा बदलावी लागते, आणि मिरज ते कोल्हापूर हे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलोमीटर अजून एकेरी आहेत. समोरून गाडी येत असली की हातकणंगले नाहीतर रुकडीला थांबा आणि वाट बघा. डबा कितीही नवा असो, एकेरी रुळावर तोही बाजूच्या लाइनवर उभा राहतो. कोयना एक्स्प्रेसमधला माणूस तर खास गाडी पुढे जावी म्हणून थांबतो, आणि त्याच्या अर्ध्या तासाची नोंद कुठंच होत नाही.

विदर्भाचाही असाच एक अनुभव आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या अजनीहून पुण्याला वंदे भारत सुरू झाली. ८८१ किलोमीटर, बारा तास, आणि सगळा प्रवास बसून. सकाळी बसलेला माणूस रात्री उतरतो. गाडी भरते, कारण गरज तेवढी मोठी आहे. पण साठी ओलांडलेल्या आई-वडिलांना बारा तास खुर्चीत बसवून न्यायचं, त्यासाठी जास्त भाडं द्यायचं आणि कामाचा अख्खा दिवस घालवायचा, हे लांब पल्ल्याचं उत्तर होऊ शकत नाही. लांबच्या प्रवासाला रात्र हवी आणि आडवं व्हायला जागा हवी.

म्हणून कोल्हापूर-नागपूर गाडीत कोणते डबे असावेत याबद्दल माझं मत ठाम आहे. वातानुकूलित थ्री टियरचे डबे भरपूर असावेत, टू टियरचेही असावेत. त्यांचं भाडं देणारे लोक आता छोट्या गावांतही आहेत, आणि ते आज ट्रॅव्हल्सच्या स्लीपरला तेवढेच पैसे मोजतात. त्याच गाडीला साधे स्लीपर आणि जनरलचे डबे पुरेसे असावेत. डिसेंबर २०२३ पासून अमृत भारत नावाच्या विनावातानुकूलित गाड्या सुरू झाल्या आहेत, दोन्ही टोकांना इंजिन असलेल्या. त्यामुळे दिशा बदलायच्या जंक्शनवर इंजिन काढून पलीकडे लावण्याचा वेळ वाचतो. म्हणजे साध्या डब्यांनाही नवं तंत्र लावता येतं, हे रेल्वेनंच दाखवलं आहे. मग श्रीमंतांची एक गाडी आणि गरिबांची वेगळी, असं करायचं कारण उरत नाही. एकाच गाडीत सगळे जावेत, एकाच वेळी पोचावेत. ऊसतोड मजूर आणि कारखान्याचा अधिकारी, दोघांनाही परळीलाच उतरायचं असतं.

भाडं चढतं ठेवण्याच्या पद्धतीला मात्र माझा विरोध आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी, दुरान्तोला ती लावली गेली. दर दहा टक्के जागा भरल्या की भाडं दहा टक्क्यांनी वाढायचं, दीडपटीपर्यंत. ज्याला आधी ठरवता येतं त्याला स्वस्त, आणि ज्याच्यावर वेळ येते त्याला महाग, असा हा हिशेब. घरात मयत झाली म्हणून निघालेल्या माणसाकडून सगळ्यात जास्त पैसे घेणारी व्यवस्था सरकारी सेवेत नको.

"रोज गाडी सोडली तर प्रवासी मिळतील का?" हा प्रश्न हमखास येणार. दोन दिवसांच्या गाडीची गर्दी मोजून रोजच्या गाडीचा अंदाज काढणं चुकीचं आहे. माणसं आपले व्यवहार गाडीच्या वेळापत्रकाभोवती तेव्हाच बांधतात जेव्हा गाडी रोज असते. याचा पुरावा आमच्याकडे पन्नास वर्षांहून जुना आहे, महालक्ष्मी एक्स्प्रेस. १९७१ मध्ये इथं ब्रॉडगेज आलं आणि महालक्ष्मी धावू लागली. रात्री सुटायची, सकाळी मुंबईत. या एका गाडीनं कोल्हापूरचं मुंबईशी नातं घडवलं. उच्च न्यायालयात तारीख असलेला पक्षकार, टाटा रुग्णालयात निघालेला पेशंट, मंत्रालयात काम असलेला सरपंच, सराफ कट्ट्यावरचा व्यापारी, मुंबईत घर घेतलेल्या लेकाकडे निघालेली आई, सगळे त्याच प्लॅटफॉर्मवर भेटायचे. स्लीपरच्या खिडकीतून कांदा-लसूण चटणीची बरणी शेवटच्या क्षणी आत सरकवली जायची आणि "पोचल्यावर फोन कर" म्हणेपर्यंत गाडी हलायची. मुंबईत जाऊन काम करून रात्रीच्याच गाडीनं परत, दोन रात्री आणि मधला एक दिवस, हॉटेलचा खर्च नाही. पक्षकारांची ती पायपीट आता संपली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरातच उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्ह्याचे खटलेही इथं येऊ लागले. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीचा पक्षकार आता कोल्हापूरला येतो. तो ज्या रुळांवरून येऊ शकतो ते हेच. महालक्ष्मीनं मुंबईच्या बाबतीत जे केलं ते ही गाडी पूर्वेच्या बाबतीत करू शकेल, याबद्दल मला शंका नाही.

अडचण खरी आहे ती वेगळीच. ही गाडी मध्य रेल्वेच्या पुणे विभागातून निघते, सोलापूर विभागात जाते, लातूररोडपासून पुढे दक्षिण मध्य रेल्वेच्या ताब्यात जाते आणि अकोल्याला पुन्हा मध्य रेल्वेकडे येते. प्रत्येकाला आपापल्या मुख्य गाड्या आधी काढायच्या असतात. अशी गाडी कुणाचीच लाडकी नसते. ती उशिरा आली तर जाब कुणाला विचारायचा हे प्रवाशाला कळत नाही, आणि अधिकाऱ्यालाही शेजाऱ्याकडे बोट दाखवता येतं. म्हणून डब्यांच्या रंगाआधी या गाडीच्या वेळेची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर टाकली पाहिजे आणि ती महिन्याला किती वेळा वेळेवर पोचली ते जाहीर झालं पाहिजे. मराठवाड्यातले लोक नांदेड विभाग मध्य रेल्वेला जोडावा अशी मागणी जुन्या काळापासून करत आले आहेत. कोल्हापूरनं त्या मागणीला साथ द्यायला हवी, ती आता आपलीही आहे.

तोट्याची भाषा करणाऱ्यांना मी एक गोष्ट आठवण करून देईन. कोल्हापूर-मिरज रेल्वे कोल्हापूर संस्थानानं स्वतःच्या खर्चानं बांधली. १८८८ मध्ये तरुण शाहू महाराजांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. पन्नास किलोमीटरही नसलेला तो फाटा तिकिटांवर किती कमावणार होता? पण १८९५ मध्ये स्टेशनालगत शाहूपुरीची बाजारपेठ वसली, गुळाचे सौदे तिथं होऊ लागले आणि कोल्हापुरी गूळ देशभर गेला. रेल्वेचा नफा संस्थानाला बाजारपेठेतून मिळाला. आजही शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर बाहेरची माणसं काम करतात. त्यांची ये-जा सोपी झाली तर त्याचा फायदा रेल्वेच्या हिशेबवहीत दिसणार नाही, पण गावाच्या धंद्यात दिसेल. महामार्गाच्या बाबतीत हाच युक्तिवाद सरकार आनंदानं मांडतं. विकास होईल, भोवतालचा भाग फुलेल, टोल हा भाग वेगळा. रेल्वेच्या बाबतीत मात्र दर किलोमीटरला तिकिटाचे किती आले हे विचारलं जातं. मापं दोन का?

वेळापत्रकही बसवता येतं. ताशी सरासरी पन्नास किलोमीटर धरले, जे काही फार नाही, तर दुपारी चारला कोल्हापूर सोडलेली गाडी रात्री आठच्या आधी पंढरपूरला, मध्यरात्री लातूरला, पहाटे हिंगोलीला, सकाळी आठला अकोल्याला आणि दुपारी एकच्या सुमारास नागपूरला पोचते. लातूरकरांच्या वाट्याला मध्यरात्र येते, ही या वेळापत्रकाची खोट आहे. लातूरला मुंबईच्या चांगल्या गाड्या आहेत, परभणी-हिंगोलीला कोल्हापूरच्या दिशेनं रोजचं काहीच नाही, म्हणून मी ती स्वीकारेन. सरासरी साठवर नेली तर नागपूर सकाळी साडेदहाच्या आत येतं आणि ऑफिसचा दिवस हाताशी लागतो. रोजच्या फेरीसाठी तीन रेक, म्हणजे डब्यांचे तीन संच, लागतील. सगळा खर्च धरूनही तो महामार्गाच्या काही मोजक्या किलोमीटरांच्या पुढे जाणार नाही.

यासाठी कोल्हापूरच्या खासदारांनी एकट्यानं पत्र देऊन भागणार नाही. कोल्हापूर, हातकणंगले, सांगली, माढा, सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड, परभणी, हिंगोली, यवतमाळ-वाशीम, अकोला, अमरावती, वर्धा, नागपूर, एवढे लोकसभा मतदारसंघ या रुळांवर आहेत आणि त्यांत सगळ्या पक्षांची माणसं आहेत. त्यांनी एक निवेदन एकत्र द्यावं. मिरज-कोल्हापूर दुपदरीकरण त्यात पहिलं असावं, दोन दिवसांची गाडी रोजची करणं दुसरं. दुपदरीकरणाला वर्षं लागतील, गाडी रोजची करायला पुढचं वेळापत्रक पुरेसं आहे. ती गाडी वर्षभर रोज आणि वेळेवर चालवून बघा, किती माणसं बसली, कुठं चढली, कुठं उतरली, ते जाहीर करा. त्यानंतर जमीन मोजायला शिवारात या.